पाणी रेषेला होतं

मी लोकांना समुद्र करून देते. वसईत राहून हा धंदा करायचा म्हणजे लोकांच्या हसण्याची सोय. खरा समुद्र रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि ही बाई स्कूटरला वीस-वीस लिटरचे कॅन बांधून सातव्या मजल्यावर समुद्र पोचवते, असं आमच्या सांडोर गावात अजून बोललं जातं. माझ्या सख्ख्या जावेने एकदा विचारलं होतं, अगं सुलभा, मग बादली घेऊन सरळ किनाऱ्यावर का जात नाहीस? गेले होते की. एकदा बादलीभर आणलं आणि तपासलं. त्यात समुद्र थोडा आणि आपण सगळ्यांनी मोऱ्यांतून सोडलेलं जास्त निघालं. जावेला तो कागद दाखवला तर म्हणाली, पण फुकट तर आहे.

आमची केळीची वाडी. उन्हाळ्यात विहिरीला खार चढला की नाही हे वडील चूळ भरून सांगायचे. मी मात्र ते बाटल्या आणि थेंब घेऊन शिकले, वसई पूर्वेच्या एका औषधाच्या कारखान्यात. तिथे आयुष्यातली चांगली वर्षं मी पाणी तपासण्यात घालवली. कारखाना एक दिवस गुजरातेत गेला, मी गेले नाही. घरी बसून काय करायचं, तर एका ओळखीच्यांनी त्यांची माशांची टाकी दाखवली. पाणी बिघडलंय, जरा बघता का? बघितलं. तेव्हापासून बघतेच आहे.

ज्यांना ही हौस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काचेची मोठी टाकी, आत दगड आणि दगडांवर प्रवाळ. प्रवाळ हे फूल नव्हे आणि शोभेचा दगडही नव्हे, तो जिवंत प्राणी. सोबतीला गोगलगायी, एखाददुसरी कोळंबी, चार मासे. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ तोडणं हा गुन्हा आहे, म्हणून मी आधी कागद बघते, कागद नसेल तर टाकीला हात लावत नाही. यावर लोक दुखावतात. एवढा मोठा सोफा घेतला त्याचा कागद कुणी मागितला नाही, असं एक बाई म्हणाल्या. त्यांना प्रवाळ सोफ्याच्या रंगाचं हवं होतं.

आता मीठ. हे स्वयंपाकातलं मीठ नव्हे. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, तुमच्या मिठात आयोडीन आहे का? आहे म्हटलं. तर म्हणे, आमच्या डब्यातल्यातही आहे, मग ते का चालत नाही? मी म्हटलं, चालेल की, पण तुमच्या डब्यातल्या मिठात मासा ठेवला तर त्याला खारा मासा म्हणतात, तो बाजारात वाळवून मिळतो. फोन ठेवला त्यांनी.

समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची बारीकसारीक मंडळी ठरलेल्या प्रमाणात असतात. कंपन्या ती सगळी एकत्र करून बादलीत भरून विकतात. कुठल्या बादलीत कॅल्शियम जास्त, कुठल्या बादलीत क्षारता जास्त. क्षारता म्हणजे आम्लाला तोंड द्यायची पाण्याची ताकद, ती रोज वरखाली झाली की प्रवाळ आखडून बसतं. तुमचं प्रवाळ दगडासारखा सांगाडा बांधणारं असेल तर कॅल्शियम आणि क्षारता चढी असलेलं मीठ घ्यायचं, मऊ लुसलुशीत असेल तर साधं घ्यायचं, आणि एकदा घेतलं की मुकाट्याने तेच वापरायचं. शास्त्र एवढंच. पण एवढ्याने हौशी लोकांचं समाधान होत नाही. त्यांचा एक ग्रुप आहे फोनवर. आमच्या वसईत भाऊ-भाऊ जमिनीवरून भांडतात, पण हे लोक मिठावरून त्याहून जास्त भांडतात. निळी बादली चांगली की लाल बादली यावरून दोन साडू एकमेकांच्या घरच्या बारशाला गेले नाहीत. ज्याची टाकी मरायला टेकलेली असते तो सगळ्यांत जास्त सल्ले देतो.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागणार आहे. टाकीतलं पाणी रोज उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नाही, कोरं घालायचं. कोरं म्हणजे ज्यात काहीही नाही असं. आमच्याकडे आज नळ, उद्या टँकर, आणि सोमवारच्या टँकरचं पाणी मंगळवारच्या टँकरला ओळख देत नाही. म्हणून मी ते घरी गाळण्यांतून काढते, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय कॅनचं झाकण लावत नाही. टाकीच्या काचेवर काळ्या पेनाने एक रेष मारून देते. सकाळी पाणी रेषेच्या बोटभर खाली गेलेलं दिसतं. कॅनमधलं ओतून रेषेला आणायचं. संपलं.

नालासोपारा पश्चिमेला एका नव्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर, निखिल पाटणकर राहायचे. मूळचे सांगलीकडचे, नोकरी अंधेरीला, बायको मानसी बँकेत. दोघं सकाळी आठला घर सोडायची ती रात्री यायची, म्हणजे सहा फुटांची टाकी त्यांनी कुणाला बघायला घेतली होती देव जाणे. दिवे परदेशी, पंप परदेशी, दगड परदेशी. उडालेलं पाणी आपोआप भरणारं एक यंत्र मिळतं, तेही घ्या म्हटलं, तर निखिल म्हणाला, ‘त्याची काय गरज, कमल आहे ना.’

कमल म्हणजे त्यांच्याकडची कामवाली. जवळच्या गास गावावरून यायची. घरची थोडी शेती, नवरा दम्याने घरी बसलेला, म्हणून ती याच टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करायची. पस्तिशी-चाळिशीची, कमी बोलणारी. मी तिला रेष दाखवली, कॅन दाखवला, हात घालायचा नाही म्हणून सांगितलं. तिने एकदाच विचारलं, मीठ नाय टाकायचं ना? मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न निखिलला सुचला नव्हता.

घरात तिसरे अण्णा, निखिलचे वडील. रिटायर्ड मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेतल्या फळ्यावर रोज ते स्वतः सुविचार लिहायचे, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि दोन-तीन सुविचार म्हणूनही दाखवले. दिवसभर घरात एकटे. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. कमल त्यांना अकराला चहा करून द्यायची, ते तिच्या कामात बसत नसतानाही. त्यांनी टाकीला हात लावायचा नाही असं निखिलने सांगून ठेवलं होतं, कारण एकदा त्यांनी माशांना शिऱ्यातला बेदाणा घातला होता.

चार महिने टाकी नुसती डोलत होती. निखिलने ग्रुपवर फोटो टाकले, त्या एका टॉवरमध्ये मला आणखी चार टाक्या मिळाल्या. मी जमिनीपासून दोन इंच वर चालायला लागले. आणि मग गोगलगायी मरायला लागल्या.

आधी एक, मग तीन. मग कोळंबी उताणी पडली. प्रवाळ मिटलं ते उघडेना. मासे मात्र टुणटुणीत. मी सगळं तपासलं. खारटपणा बरोबर, क्षारता बरोबर, कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर. माझी वही बघून परीक्षकाने शंभर मार्क द्यावेत असं पाणी, आणि त्यात जीव मरताहेत. मग मी मिठावर संशय घेतला. नवीन बादली फोडली होती ना, तीच खराब. दुसऱ्या कंपनीचं मीठ आणलं, अर्ध्याअधिक टाकीचं पाणी बदललं. त्याने क्षारता उडी मारून वर गेली आणि उरलेलं प्रवाळही आखडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोकांना मीठ बदलू नका म्हणून सांगत फिरणारी मी, घाबरल्यावर पहिलं काम तेच केलं. निळ्या बादलीवाल्यांना कळलं तेव्हा ग्रुपवर दिवाळी झाली.

एका रविवारी निखिलने बोलावलं. घरात सगळे होते. निखिल, मानसी, अण्णा पेपर घेऊन खुर्चीत, आणि कमल केर काढत होती. निखिलने विचारलं, मॅडम, तुम्हाला कळतंय का नक्की काय चाललंय, की मी दुसरं कुणी बघू? खालच्या मजल्यांवरच्या चार टाक्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. तज्ज्ञ माणसाला ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द तोंडातून काढायला जे कष्ट पडतात, तेवढे दगड फोडणाऱ्याला पडत नसतील. मी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘पाण्यात दोष नाही. कुणाचा तरी साबणाचा हात गेलाय.’

मी कुणाचं नाव घेतलं नाही. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. पण त्या घरात साबणाचे हात एकाच बाईचे होते, आणि सगळ्यांनी तिकडेच बघितलं. मीही बघितलं.

कमल केरसुणी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, ‘मी हात नाय घालत. मी येते तेव्हा पानी रेषेलाच असतं, बाई.’

हे वाक्य तिने शांतपणे म्हटलं आणि म्हणताना खुर्चीकडे बघितलं. खुर्चीतला पेपर जरा वर गेला. मला वाटलं, ही कामचुकारपणावर पांघरूण घालतेय. पाणी रेषेला असतं म्हणे, म्हणून मी ओततच नाही. मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं की रोज बोटभर पाणी उडतंच, रेषेला राहीलच कसं? पाणी काय आपोआप भरतं?

वाचकहो, तुम्हाला कळलं असेल. बारावी सायन्सच्या पोरीलाही कळलं असतं. पाणी उडणं थांबत नाही, तरी सकाळी ते रेषेला आहे, याचा अर्थ कमल यायच्या आधी कुणीतरी काहीतरी ओततंय. तिने मला उत्तर ताटात वाढून दिलं होतं. आणि इतकी वर्षं पाणी तपासलेली मी, तिला पाणी कसं उडतं ते शिकवत होते.

निखिलने तिला त्याच दिवशी काढलं. मी निघाले तेव्हा मानसी म्हणाली, सॉरी मॅडम, आम्ही उगीच तुमच्यावर संशय घेतला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढचे तीन आठवडे गोगलगायी मरतच होत्या. मी म्हटलं, साबणाचा अंश राहिला असेल. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं. कमलच्या जागी आता मानसी सकाळी घाईघाईत कॅन ओतायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, बरं आहे, फार ओतावं लागत नाही. तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोकं मिठाने भरलेलं होतं.

मग एका बुधवारी मला दुपारी दुसरीकडे जायचं होतं म्हणून मी पाटणकरांकडे सकाळी सातलाच गेले. दार अण्णांनी उघडलं. निखिल आंघोळीला, मानसी डबे भरत होती. अण्णा बाल्कनीत गेले. हातात तांब्याचा तांब्या, चिंच-मिठाने घासून लखलखीत केलेला. सूर्याकडे तोंड करून त्यांनी थोडं पाणी कुंडीत सोडलं, दोन घोट स्वतः प्यायले. मग हॉलमध्ये आले आणि उरलेलं, चांगलं अर्धा लिटर, टाकीत ओतलं. मग कॅनमधून तांब्या भरभरून पाणी रेषेला आणलं, अगदी प्रेमाने, काठाकाठाने. वर मला म्हणाले, रात्रभर तांब्यात ठेवलेलं आहे. पचन सुधारतं. मुके जीव आहेत, त्यांना कोण देणार?

आपण माणसं तांब्याचं पाणी पितो, आपल्याला सोसतं. प्रवाळाला, गोगलगाईला, कोळंबीला तांबं म्हणजे विष. मासे त्यातून बराच काळ निभावतात, म्हणून मासे टुणटुणीत होते. आणि अण्णा तांब्या भरायचे कशाने? माझ्याच कॅनमधल्या कोऱ्या पाण्याने, कारण सुलभाताई म्हणतात ते सगळ्यांत शुद्ध. कोरं पाणी भुकेलं असतं. ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्याचं खातं. रोज अर्धा लिटर म्हणजे तसं काहीच नाही, पण तांबं उडत नाही. ते साठत जातं.

तांब्याची चाचणी माझ्या पिशवीत होती. पहिल्या दिवसापासून होती. बाटलीचं सीलही फोडलेलं नव्हतं, कारण घरातल्या टाकीत तांबं येणार कुठून? मी ती तिथेच केली. पाच मिनिटं लागली. रंग आला.

अण्णांनी रंग बघितला. ते मूर्ख नव्हते, सायन्स शिकवलेले होते. एकदम लहान झाले. म्हणाले, निखिलला नका सांगू. मी विचारलं, कमलला माहीत होतं? ते तांब्या पुसायला लागले. मग म्हणाले, ‘ती म्हणायची, अण्णा, बाईंनी नको सांगितलंय. मीच म्हटलं, घरात बोलू नकोस, मुलगा ओरडतो.’

म्हणजे ती त्या रविवारी एका म्हाताऱ्याची लाज राखत होती. नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं तिने सांगितलं होतं. मी ते ऐकलं नाही, आणि फळ्यावर सुविचार लिहिणारे गुरुजी पेपर वाचत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा निकाल देणारी मी.

निखिलला मी सांगितलं. अण्णांचं हसं करून नाही, पण सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. मग म्हणाला, आता अण्णांना काय बोलणार, जाऊ दे. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा की, हे पाणी साफ व्हायला किती दिवस लागतील? मी सांगितलं की तांबं दगडांत मुरलेलं असतं, ते महिनोन्महिने झिरपत राहतं, कदाचित दगडच बदलावे लागतील. त्यावर मात्र त्याला खरं दुःख झालं. कमलचं काय, असं मीच विचारलं. मानसी म्हणाली, हो हो, तिला परत बोलवू या, थोडे वाढवून देऊ. तुम्ही सांगाल का तिला? आम्हाला जरा ऑकवर्ड होतं.

मी गासला गेले. रस्त्याच्या कडेला शेत, पुढे दोन खोल्यांचं घर, अंगणात कमल वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नवरा आत खोकत होता. मी सगळं सांगितलं. माझं चुकलं हेही सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. मग तिच्याकडून कळलं ते असं. मी ‘साबणाचा हात’ म्हटलं ते रविवारी. सोमवारी सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर ते फिनेल झालं. बुधवारपर्यंत कमलने रागाने मुद्दाम ओतलं असं झालं. एका घरी आजारी सासूबाई होत्या, त्यांनी काढलं. दुसऱ्या घरी तान्हं बाळ होतं, त्यांनीही काढलं. चारातलं एक घर उरलं होतं, चौथ्या मजल्यावरचं, तिथल्या बाई ग्रुपवर नव्हत्या म्हणून. वाचमन गेटवर तिची पिशवी उघडून बघायचा.

मी पाटणकरांचा निरोप दिला, पैसे वाढवून देणार आहेत म्हणाले. ती म्हणाली, तिथं नाय जायचं मला. मी विचारलं, मग मी काय करू म्हणतेस? तर शेंगांचं टोपलं बाजूला सारून म्हणाली, ‘तुमी सगळ्यांसमोर बोललात ना? मग सगळ्यांसमोर सांगा.’

मी म्हटलं, मी त्या दोन्ही घरी स्वतः जाऊन सांगते. नको म्हणाली. ग्रुपवर लिहायला सांगते मानसीला. नको. मी ऐकायला येनार, म्हणाली.

खरं सांगते, स्कूटरवरून परत येताना मी तिला शिव्या दिल्या. सगळ्यांसमोर म्हणजे काय? त्या टॉवरमध्ये माझ्या पाच टाक्या. पाण्याची बाई म्हणून तिथे माझी ओळख. पाण्याच्याच बाबतीत मी बरळले, आणि न तपासता बरळले, हे उभं राहून सांगायचं? दोन दिवस मी स्वतःला पटवत होते की तिचा हट्ट आहे. तिसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना फोन केला.

रविवारी तळमजल्याच्या हॉलमध्ये सोसायटीची मीटिंग होती, विषय टँकर. पहिला पाऊण तास कोण किती पाणी वापरतं यावर गेला. कमल दाराशी उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कुणी बस म्हटलं नाही आणि ती बसलीही नाही. सेक्रेटरी म्हणाले, सुलभा मॅडमना पाण्याबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत. लोकांना वाटलं टँकरचं पाणी तपासलंय. सगळे सरसावून बसले.

मी उभी राहिले. म्हणाले, पाटणकरांच्या टाकीत साबणाचा हात गेला असं मी म्हटलं होतं. ते खोटं होतं. साबण नव्हता, फिनेल नव्हतं. ते तांबं होतं, आणि ते मी तपासलं नव्हतं. कमलचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी न तपासता बोलले, आणि तिने मला खरं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही.

मग मागून कुणीतरी विचारलं, पण मग तांबं घातलं कुणी?

अण्णा दुसऱ्या रांगेत होते. निखिल शेजारी, मोबाइलमध्ये डोकं घालून. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि मला मनातून फार वाटत होतं की ते उठतील. एवढे सुविचार पाठ आहेत माणसाला, एखादा तरी उपयोगी पडेल. ते उठले नाहीत. नाव माझ्या जिभेवर होतं. घेतलं असतं तर माझा निम्मा दोष त्यांच्याकडे गेला असता, सगळे हसले असते आणि मला चहा मिळाला असता. मी दाराकडे बघितलं. कमलने मान हलवली. नको म्हणून. अगदी थोडीशी, पण स्पष्ट.

मी म्हणाले, ते कळून उपयोग नाही, चूक माझी आहे. आणि बसले. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून हळूच म्हणाल्या, मॅडम, मग आमच्या टाकीला कुठलं मीठ चांगलं, निळं की लाल? मीटिंग परत टँकरवर गेली.

निखिलचा ‘उद्यापासून येऊ नका’ हा मेसेज मी हॉलमधून बाहेर पडायच्या आत आला. बाकी चारातल्या दोन टाक्याही महिन्याभरात गेल्या. तान्ह्या बाळाच्या आईने मात्र बाहेर येऊन कमलला विचारलं, उद्यापासून येतेस का? कमल म्हणाली, सांगते. पदर खोचून ती लिफ्टच्या दिशेने निघाली, मी मागोमाग. मला राहवलं नाही. मी विचारलं, त्यांचं नाव का नाही घेऊ दिलंस? त्या माणसाने तुझ्यासाठी तोंडसुद्धा उघडलं नाही.

ती म्हणाली, ‘माझ्यावरचं काढायचं होतं, बाई. दुसऱ्यावर टाकायचं नव्हतं.’

तिला चौथ्या मजल्यावर कामाला जायचं होतं. अण्णा आमच्या आधी बाहेर पडून लिफ्टचं दार धरून उभे होते. ‘ये, कमल,’ म्हणाले. ती जिन्याने गेली.